फुकटाचे ग्राहक आणि बिनपगारी कारागीर

‘जिम्प’ या चित्रसंपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयी वर्षानुवर्षे त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. फोटोशॉपमध्ये जे सहज साधते ते येथे का साधत नाही? छापखान्याला लागणारी सीएमवायके रंगपद्धती पहिल्यापासून का दिली नाही? मागितलेली सोय मिळायला दहा-दहा वर्षे का लागावीत? विचारणाऱ्यांचा स्वर बहुधा दुकानदारापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा असतो. पलीकडून येणारे उत्तरही तितकेच ठरीव आहे : कोड सर्वांना खुला आहे, हवे ते तुम्हीच लिहून घ्या. वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांच्या विरोधात उभे आहेत. वस्तुतः दोघांचीही भूमिका एकाच बाजारी विचारसरणीतून आलेली आहे, आणि समाजवादी विचाराच्या माणसाला त्यांपैकी एकही पत्करता येणार नाही.

या साधनाचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेणे अगत्याचे आहे. 1995 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी त्याचा आरंभ केला आणि 1996 मध्ये ते लोकांसमोर आले. पडद्यावरील खिडक्या व बटणे रेखण्यासाठी त्यांनी आधी घेतलेले ‘मोटिफ’ हे साधन मालकी हक्काचे होते. म्हणून त्यांनी स्वतःचे ‘जीटीके’ घडविले. पुढे त्याच जीटीकेवर ‘नोम’ ही मुक्त संगणकाची सबंध कार्यपीठिका उभी राहिली. शिक्षण संपल्यावर हे दोघे नोकरीधंद्याला लागले आणि काम स्वयंसेवकांच्या हाती गेले. जून 1998 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. म्हणजे विद्यार्थ्यांची फुरसत आणि त्यानंतर अनेकांच्या नोकरीतून उरलेल्या संध्याकाळी, एवढ्याच भांडवलावर हा डोलारा उभा आहे.

आता तक्रारीकडे वळू. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर रंगबदलाचा थर चढविण्याची सोय फोटोशॉपमध्ये 1996 सालीच आली होती. जिम्पच्या वापरकर्त्यांनी तशा सोयीची मागणी सतत लावून धरली आणि मूळ चित्राला हात न लावता परिणाम साधण्याची व्यवस्था 3.0 आवृत्तीत, म्हणजे मार्च 2025 मध्ये, पदरात पडली. एवढा विलंब आळसामुळे झालेला नाही. जुना गाभा प्रत्येक रंगाला 8 बिट एवढ्याच हिशेबाने बांधलेला होता. तो काढून ‘गेगल’ हा नवा गाभा बसविण्याचे काम 2000 सालीच सुरू झाले. पण त्याची खरी फळे 2018 च्या 2.10 आवृत्तीत दिसू लागली. राहत्या घराचा पाया बदलण्याचे काम मोजक्या माणसांनी फावल्या वेळात करावयाचे, आणि त्याच वेळी भिंतींना नवा रंग का नाही म्हणून बोलणी ऐकावयाची, अशी ही अवस्था होती. 3.0 मध्येही चित्र थेट सीएमवायके पद्धतीत संपादित करता येत नाही. छपाईचा व्यवसाय करणाऱ्याची ही अडचण खरी आहे, आणि तिला ‘अज्ञानाची कुरकुर’ म्हणून वाटेला लावणे अन्यायाचे ठरेल.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली एक उपयुक्त भेद मांडला. असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे, किंवा आवाज उठविणे. अडोबी कंपनीने 2013 साली फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांची कायमची विक्री थांबवून दरमहा भाडे घेण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा ग्राहकांनी मोठा निषेध केला. कंपनीने ते धोरण मागे घेतले नाही. पैसे मोजणाऱ्याचा आवाजही मक्तेदारीपुढे कसा फुका जातो, याचा हा धडा होय. उलट जिम्पच्या सुट्या सुट्या खिडक्यांविषयी वर्षानुवर्षे चाललेल्या ओरडीचा परिणाम झाला आणि 2012 च्या 2.8 आवृत्तीत सर्व काही एका खिडकीत मांडण्याची सोय आली. त्याच आवृत्तीत ‘जतन करणे’ फक्त जिम्पच्या स्वतःच्या स्वरूपासाठी राखून जेपेग वगैरेंसाठी ‘निर्यात’ ही वेगळी आज्ञा ठेवण्यात आली. त्यावर गदारोळ उठला, तरी कर्त्यांनी निर्णय फिरविला नाही. जेपेगमध्ये जतन केल्यास चित्राचे थर नष्ट होतात, हे कारण त्यांनी उघडपणे दिले. हे कारण पटो वा न पटो, निर्णय कारणांसह आणि सर्वांदेखत झाला. कंपनीच्या संचालक मंडळात ही पद्धत नाही.

सोडून जाण्याचा मार्गही येथे खुला आहे. ‘जिम्प’ या इंग्रजी नावाला अपंगांविषयी तुच्छतेचा वास येतो, या आक्षेपावरून काहींनी 2019 साली त्याच कोडची ‘ग्लिम्प्स’ नावाची वेगळी शाखा काढली. आक्षेप विचारार्ह होता. तथापि हात अपुरे पडले आणि 2021 मध्ये ते काम थांबले. परवान्याने दिलेला हक्क शाबूत राहिला. तो चालविण्याचे बळ मात्र राहिले नाही.

‘स्वतःच लिहून घ्या’ या उत्तराचा पोकळपणा नेमका येथे उघड होतो. कोड बदलण्याचा हक्क कागदावर सर्वांना आहे, जसा वर्तमानपत्र काढण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. लग्नपत्रिका आणि फलक रचून पोट भरणाऱ्या कारागिराने सी ही संगणकभाषा शिकावी कधी? बिनपगारी काम करण्याची फुरसत ही वर्गानुसार वाटली गेलेली वस्तू आहे. ज्याला ती आहे त्याच्याच गरजा प्रथम भागतात, आणि ज्याला नाही त्याला ‘योगदान करा’ असा उपदेश मिळतो. शिवाय दोष नेमका केव्हा आणि कसा उद्भवतो हे नीट लिहून कळविणे, मार्गदर्शिका लिहिणे, भाषांतर करणे हेही श्रमच आहेत. कोड लिहिणाऱ्यांनी त्यांना दुय्यम लेखण्याचे कारण नाही.

दुसऱ्या बाजूने ग्राहकाचा तोराही खपवून घेता येणार नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबले गेले म्हणून तेथे घोटाळा झाला, हे समजण्याजोगे आहे. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन निराळे शब्द असताना आपणही तोच घोटाळा करावा, याला क्षमा नाही. मॅन्कर ऑल्सन यांनी 1965 सालीच दाखविले की, ज्या वस्तूचा लाभ कोणालाही नाकारता येत नाही तिच्यासाठी झीज सोसण्यास मोठा समूह आपण होऊन पुढे येत नाही. यावर उपाय एकच : संघटना.

ती शक्य आहे, याचा पुरावाही आहे. ‘ब्लेंडर’ हे त्रिमित चित्रांचे सॉफ्टवेअर बुडत्या कंपनीच्या हाती होते. 2002 साली वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत 1 लाख युरो वर्गणी जमवून त्याचा कोड मुक्त करून घेतला. आज त्यावर पगारी माणसे काम करतात. अर्थात त्या निधीत मोठ्या कंपन्यांचाही वाटा आहे, आणि वाट्याबरोबर वजनही येते. म्हणूनच सार्वजनिक पैशाची गरज आहे. जर्मनीतील सरकारी निधीने 2023 साली नोम प्रकल्पासाठी 10 लाख युरो मंजूर केले. मार्ग आहे तो हा.

पगार आला की सेवाभाव आटतो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यासाठी रिचर्ड टिटमस यांच्या रक्तदानावरील 1970 च्या ग्रंथाची साक्षही काढली जाईल. पण टिटमस ज्या ब्रिटिश व्यवस्थेची बाजू घेत होते, तीत रक्त देणारा विनामूल्य देत असे. रक्तपेढीतील डॉक्टर आणि परिचारिका मात्र सार्वजनिक तिजोरीतून पगार घेत असत. दान टिकते ते त्याच्या पाठीशी पगारी, उत्तरदायी संस्था उभी असते म्हणून.

आपल्याकडील स्थिती काय आहे? मक्तेदारीच्या विरोधातील पत्रके चोरीच्या फोटोशॉपवर रचली जातात, हे उघड गुपित आहे. अशा चोरीने मक्तेदाराचे नुकसान होत नाही. उलट त्याच्या साधनाची सवय आणखी एका पिढीला फुकटात लागते. केरळच्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर शिकविले जाते व त्यात जिम्पही आहे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी तेवढी मागणी तरी नेटाने लावून धरावी, आणि तिला आणखी एक कलम जोडावे : जी सरकारी संस्था मुक्त साधन वापरील तिने परवान्याच्या वाचलेल्या खर्चाचा ठराविक हिस्सा त्या साधनाच्या देखभालीसाठी द्यावा. पक्षाच्या शाखांनीही आपली पत्रके अशा साधनांवर रचावीत, देवनागरी मजकूर व छपाई यांत येणाऱ्या अडचणींची नोंद ठेवावी, त्या एकत्रितपणे कळवाव्यात आणि सोबत वर्गणी पाठवावी. अशा तक्रारीला भागीदाराच्या तक्रारीचे वजन येते. ते न करता केवळ नावे ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या न दिलेल्या मजुरीवर आपले समाधान मागणे होय. आणि त्या व्यवहाराला काय म्हणतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.