अजिंक्य मल्लाला जोड द्या

डिसेंबर २०१८. जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती. एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके, समोर बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख. बालाने ११-३ अशा गुणांनी कुस्ती मारली आणि गदा खांद्यावर घेतली. गदा अशी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली, की एक जुनी चर्चा पुन्हा रंगते. सतत जिंकणारा माणूस लोकांना खुपतो, असं ठामपणे सांगितलं जातं. कारणंही ठरलेली असतात: त्याचा खेळ रटाळ असतो, त्याला माज चढतो, नाहीतर लोक त्याच्यावर जळतात. कुस्ती असो वा बॉक्सिंग, या तिन्ही कारणांवर सगळ्यांच्या माना डोलतात. पण तिन्ही कच्ची आहेत.

आधी रटाळ खेळाचं पाहू. त्यासाठी युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोचा दाखला हमखास दिला जातो. २००६ ते २०१५ अशी साडेनऊ वर्षं हेवीवेट गटावर त्याचं राज्य होतं. लांब डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याला अंतरावर रोखायचं, तो जवळ आलाच तर मिठी मारून त्याचे हात अडकवायचे, ही त्याची पद्धत. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने सुलतान इब्रागिमोवला अशाच सावध खेळाने हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पण २००९ मध्ये हाच माणूस जर्मनीत गेल्सनकिर्शनला रुस्लान चगायेवविरुद्ध उतरला, तेव्हा फुटबॉलचं मैदान साठेक हजार लोकांनी भरलं. माणूस तोच आणि ढंगही तोच. रटाळपणा हेच कारण असतं, तर तो दोन्हीकडे नावडता ठरला असता.

आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. जत्रेच्या फडात हलगी कडाडते, पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आटोपतात, मोठ्या इनामाची जोड लागते. मग नुसती खडाखडी होऊन पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली की लोक चिडतात. त्यांना निकाली कुस्ती हवी असते. पण जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला काय झालं? शिवराज राक्षेने अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडला मिनिटाभराच्या आत चितपट केलं. याहून निकाली काय असतं? तरीही राज्यभर चर्चा चालली ती सिकंदर शेखची. त्याआधी सिकंदर महेंद्रकडून हरला होता आणि त्या कुस्तीत महेंद्रच्या बाहेरली टांग डावाला पंचांनी चार गुण दिले होते. ते योग्य की अयोग्य, यावर गावागावांत लोक हमरीतुमरीवर आले. शिवराजने डावात काही कसर ठेवली नव्हती. सिकंदरशी त्याची गाठच पडली नाही, म्हणून लोकांच्या लेखी निकाल अर्धाच लागला होता.

माजाचं कारण तर एका नावापुढेच गळून पडतं. मुहंमद अलीइतकी स्वतःची थोरवी कुणी गायली? तरी जगाने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्यामागून आलेला लॅरी होम्स १९७८ पासून सात वर्षं विजेता राहिला, लागोपाठ ४८ लढती हरला नाही. पण अलीच्या वाट्याला आलेलं प्रेम त्याला कधी मिळालं नाही. १९८० मध्ये थकलेल्या अलीला हरवल्यावर हाच होम्स रडला होता. अलीला जो फ्रेझर मिळाला, जॉर्ज फोरमन मिळाला. ऐन भरातल्या होम्सच्या पुढे उभा राहिला तो उतरणीला लागलेला अली.

जळण्याचा मुद्दा उरला. मराठी माणसाने सचिन तेंडुलकरची शंभर शतकं मोजली ती मत्सराने नव्हे. त्याच्या पुढ्यात शेन वॉर्न होता, ग्लेन मॅक्ग्रा होता. त्यामुळे त्याच्या प्रत्येक धावेचं मोल लोकांना दिसत होतं.

एक अपवाद मात्र मान्य करायलाच हवा. जॅक जॉन्सन १९०८ मध्ये हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला आणि गोऱ्या अमेरिकेला ते सहन झालं नाही. त्याला पाडण्यासाठी निवृत्त जेम्स जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणलं गेलं. ४ जुलै १९१० ला रेनो शहरात जॉन्सनने त्यालाही हरवलं, तेव्हा देशात ठिकठिकाणी दंगली उसळल्या. तो निखळ वर्णद्वेष होता. खेळाच्या आवडीनिवडीचं नाव देऊन त्यावर पांघरूण घालता येत नाही. आपल्याकडेही एखाद्या मल्लाची जात, धर्म किंवा मूळ गाव काढून त्याचा विजय हिणवला जात असेल, तर तिथे असंच ठणकावून सांगितलं पाहिजे.

एरवी प्रेक्षकांचं मागणं एकच असतं, तोलामोलाची जोड. त्यांना विजेत्याचा कस लागताना पाहायचा असतो. क्लिच्कोचंच उदाहरण पुन्हा घ्या. एप्रिल २०१७ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर ९० हजार लोकांसमोर तो अँथनी जोशुआशी लढला. स्वतः पडला, उठला, सहाव्या फेरीत जोशुआला त्याने पाडलं आणि शेवटी अकराव्या फेरीत हरला. इतक्या वर्षांच्या विजयांनी जो मान दिला नव्हता, तो त्याला या एका पराभवाने मिळवून दिला.

मग विजेत्याचा काहीच दोष नसतो का? असतो, तो जोड टाळतो तेव्हा. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांची लढत कित्येक वर्षं रखडली आणि मे २०१५ मध्ये झाली, तेव्हा दोघांचीही उमेद उताराला लागली होती. एकट्या अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे मोजून ती पाहिली आणि बहुतेकांची निराशा झाली. मेवेदर पुढे ५० लढतींत अजिंक्य राहून निवृत्त झाला, पण उशिराने दिलेल्या त्या लढतीचा ठपका अजून त्याच्या नावावर आहे.

महाराष्ट्रात मात्र पैलवानांपेक्षा संघटकांचा दोष मोठा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन संघटनांच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. फुलगावला सिकंदरने शिवराजला काही सेकंदांत झोळी डावावर अस्मान दाखवलं. त्यानंतर धाराशिवला शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसऱ्या संघटनेची गदा घेतली. ज्या लढतीची राज्य वाट पाहत होतं ती फुलगावला झाली खरी, पण महिना संपता संपता दोघांच्याही खांद्यावर गदा होती. मग गावच्या पारावर खरा केसरी कोण यावर वाद झाला, तर त्याचं खापर पैलवानावर का फोडायचं? दोघांनीही आपापली कुस्ती जिंकली होती.

म्हणून राज्यात स्पर्धा एकच हवी, गदाही एकच हवी, आणि पंचांचा वादाचा निर्णय चित्रफितीसह त्याच दिवशी लोकांपुढे ठेवला गेला पाहिजे. जालना जिल्ह्यातल्या यात्रा समित्यांनाही यात वाटा उचलता येईल. अंबड, परतूर, भोकरदनच्या फडात नामांकित मल्लाला मोठं इनाम देऊन बोलावताना त्याच्यापुढे कोण उभा राहणार हे आधी ठरवावं. हलका गडी लावून दोन मिनिटांत उरकलेली कुस्ती गावाची फसवणूक करते आणि त्या मल्लाचीही. कुस्ती गुणांवर गेली तर कोणत्या डावाला किती गुण आणि का, हे निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून सांगत राहावं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते समजलं, तर विजेत्याच्या अंगातली ताकद आणि डोक्यातला डाव दोन्ही त्याला दिसतील.