मुलाखतीला जाताना चिठ्ठी न्या

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात मी नोकरीच्या मुलाखतीला जाऊन आले. शाळेतलं माझं काम अर्ध्या वेळेचं. धाकटा पहिलीत जाणार, तेव्हा म्हटलं, आता पूर्ण वेळेचं काही बघावं. पुण्यातल्या एका स्टार्टअपची, म्हणजे हल्ली निघतात तसल्या एका नव्या छोट्या कंपनीची, जाहिरात होती. मोबाइलवर मुलांना शिकवायचे मराठी धडे लिहायला शिक्षिका हव्या होत्या.

साताऱ्याहून पहाटेची एस.टी. धरली. अकराची वेळ दिली होती, आत बोलावलं एक वाजता. प्रमुख माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, बोलायला गोड. पण पहिलाच प्रश्न, "मॅडम, मुलं लहान आहेत. त्यांना कोण बघणार?" झालं! सासूबाईंचे गुडघे, शेजारच्या काकू, यांची पाळी, सगळा संसार मी त्याच्यापुढे मांडला. शिकवण्याबद्दल त्यानं जेमतेम दोन प्रश्न विचारले. निघताना म्हणाला, "नमुन्यादाखल पाचवीचे दहा धडे पाठवा." चार रात्री ओटा आवरून झाल्यावर बसून लिहिले. उत्तर नाही. शेवटी मीच फोन केला, तर म्हणे ती जागा सध्या भरायची नाही. धडे मात्र त्यांच्याकडेच राहिले.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. घरी आल्यावर यांनी विचारलं, "पगार किती म्हणाले?" आणि मी गप्प! कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारी मी, पगार विचारायलाच विसरले होते. खरं सांगू? विसरले नव्हते, धीर झाला नव्हता.

माझी नणंद बी.कॉम. आहे. ती अशाच एका छोट्या कंपनीत हिशेबाच्या कामासाठी गेली, ती पर्समध्ये प्रश्नांची चिठ्ठी घेऊन. "तुमच्याकडे पगाराचे पैसे किती महिने पुरतील?" असं तिनं सरळ विचारलं. मालकीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्षभराचे आहेत, पुढचं आज सांगता येणार नाही." नणंदेनं नोकरी धरली, पण डोळे उघडे ठेवून.

तिच्या चिठ्ठीत माझी थोडी भर घालून देते.

१. पगारातले रोख किती? काही कंपन्या थोडा पगार आणि बाकी शेअर देऊ म्हणतात. असे शेअर घेण्याचा हक्क मिळायला कायद्यानं निदान एक वर्ष थांबावं लागतं, आणि सहसा कंपनी विकली गेली किंवा शेअर बाजारात आली तरच त्याचे पैसे होतात. वाण्याची उधारी त्यावर भागत नाही.

२. माणसं किती आहेत? वीस किंवा जास्त असतील तर प्रॉव्हिडंट फंड लागू होतो. दहा किंवा जास्त असतील तर बाळंतपणाची पगारी रजा मिळते. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची आहे. बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी समितीही २०१३ च्या कायद्यानं तिथं हवीच.

३. नमुन्याचं काम किती? एखादा धडा ठीक. दहा मागितले तर "याचा मोबदला काय?" असं विचारावं.

४. "मुलांना कोण बघणार?" याला एकच वाक्य पुरे, "घरची व्यवस्था केलेली आहे." पुढे कामाचं बोलावं.

५. नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये. कंपनी कधी नोंदली, संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सांगा, तो शोधून देईल.

सगळ्याच नव्या कंपन्या फसव्या नसतात हो. नणंदेच्या मालकीणबाई संध्याकाळी सहाला तिला स्वतः "निघा आता" म्हणतात. पण चांगलं ठिकाण कोणतं, हे विचारल्याशिवाय कळायचं कसं?

पुढच्या महिन्यात मला आणखी एका ठिकाणी बोलावलं आहे. चिठ्ठी आत्ताच पर्समध्ये ठेवली आहे. पगाराचा प्रश्न सगळ्यात वर लिहिला आहे.