वाटेचा उत्सव आणि नदीचा विसर

उत्सव म्हटला की आपण टीकेला दाराबाहेर उभे करतो. फराळाच्या ताटापुढे कोणी हिशेबाची वही उघडू नये, हे मलाही मान्य आहे. पण काही उत्सव असे असतात की, तेथे वही उघडली नाही तर पूजा भलत्याच देवाची होते. अमेरिकेतील लुइस आणि क्लार्क यांच्या वाटेवर होणारे निसर्गरक्षणाचे सोहळे हे मला त्यांपैकी वाटतात.

हे दोन लष्करी अधिकारी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या आज्ञेने १८०४ साली मिसुरी नदीतून वर निघाले, डोंगर ओलांडून पॅसिफिक महासागराला पोचले आणि १८०६ साली परतले. त्यांची वाट १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरली. आज ती पिट्सबर्गपासून समुद्रापर्यंत सुमारे ४,९०० मैल भरते. तिच्या काठचा कचरा वेचणाऱ्या, रोपे लावणाऱ्या हातांशी माझे भांडण नाही. घराचा पाया पोखरायचा आणि उंबरठ्यावर रांगोळी काढायची, या वृत्तीशी आहे.

उत्तर डाकोटात मिसुरीवर एक अफाट जलाशय आहे. आपले तान्हे मूल घेऊन मोहिमेबरोबर समुद्रापर्यंत गेलेल्या साकाकाविया या बाईचे नाव त्याला दिले आहे. ती राहत होती हिदात्सांच्या गावात. १८०४-०५ चा कडाक्याचा हिवाळा मोहिमेने काढला तो मँडन आणि हिदात्सा लोकांनी पिकविलेल्या मक्यावर. आणि १९५३ साली गॅरिसन धरणाने नदी अडविली तेव्हा गेली ती त्यांचीच, नदीकाठची दीड लाख एकरांहून अधिक जमीन! १९४८ साली या जमिनीच्या करारावर सही होत असताना जमातींचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट तोंड झाकून रडत आहेत, असे छायाचित्र आहे. शेते बुडविली आणि पाण्याला तेथल्याच बाईचे नाव दिले. याला गौरव म्हणायचे?

कोलंबिया नदीवरच्या सेलिलो धबधब्याचीही तीच गत झाली. हजारो वर्षे लोक तेथे सामन मासा धरीत आले होते. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला.

यावर कोणी विचारील, "अहो, धरणे नकोत, तर दिवे कशावर लावणार?" प्रश्न रास्त आहे. धरणांनी वीज दिली, पूरही आवरले. पण दिवाळीच्या पणतीतले तेल शेजाऱ्याच्या घरून उचलून आणले असेल, तर निदान त्याच्या दारात अंधार का, हे त्यालाच विचारू नये.

खरे राखणदार पाहायचे असतील तर आयडाहोत चला. १८०५ च्या सप्टेंबरात डोंगरातून उपाशी उतरलेल्या या मंडळींना नेझ पर्स लोकांनी कॅमासचे कंद आणि सुकवलेला सामन खाऊ घातला. त्याच भागातील क्लिअरवॉटर नदीतून कोहो जातीचा सामन १९८० च्या दशकात नामशेष झाला. १९९० च्या दशकात नेझ पर्स जमातीनेच पिले सोडून तो परत आणण्याचे काम हाती घेतले आणि मासे समुद्रातून परतू लागले. निसर्गरक्षण म्हणतात ते हे!

पण समुद्रापर्यंतच्या वाटेत आठ धरणे आहेत. त्यांपैकी खालच्या स्नेक नदीवरची चार काढावीत, अशी या जमातीची जुनी मागणी आहे. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने जमातींशी आणि राज्यांशी करार केला. धरणे काढण्याचे वचन त्यात नव्हते. सामन वाचविण्याची आणि विजेचे दुसरे मार्ग शोधण्याची हमी होती. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने तोही मोडला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. उत्सव जरूर करा. परंतु पहिला मान नेझ पर्सांना द्या, आणि त्या दिवशी व्यासपीठावरून पहिला प्रश्न कराराचा निघू द्या. पाट्या नंतर बसवता येतील. माशाला पाटी वाचता येत नाही. त्याला मोकळी नदी लागते.