जुन्या मोटारसायकलीचें निदान

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें ठाऊक आहे कीं, बैल विकत घेणारा शेतकरी पैसे मोजण्यापूर्वीं त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो आणि त्यास दहा पावलें चालवून त्याची चाल पाहतो. चालींत किंचित् लचक दिसली तरी सौदा तेथेंच थांबतो. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ ज्या मोटारसायकलीवर बसून बाजारास आलेला असतो, तिची चाल त्यानें कित्येक वर्षांत पारखलेली नसते. बैल लंगडला तर फार तर पेरणी खोळंबेल. मोटारसायकल लंगडली तर काय होईल, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आमच्या श्रीगोंदे तालुक्यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. डेअरीस दूध घालावयाचें असो, दौंडास जाऊन पुण्याची गाडी गांठावयाची असो, कीं आजीस दवाखान्यांत न्यावयाचें असो, सर्व भार तिच्यावरच. हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्यें आणि स्प्लेंडर १९९४ मध्यें बाजारांत आली. त्या पिढीच्या गाड्या अजून कित्येक घरांत नांदत आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते आणि तपासणी करून ती पुढें ५ वर्षांकरितां वाढवून मिळते. तेवढा कागद हातीं आला कीं गाडी निरोगी आहे अशी आपली समजूत होते, आणि मुलगा कॉलेजांत जाऊं लागला कीं ती त्याच्या स्वाधीन केली जाते.

खरा धोका येथेंच आहे. जुन्या गाडीचा दोष एका दिवसांत उत्पन्न होत नाहीं. तो तिळातिळानें वाढतो, आणि तितक्याच मंदगतीनें चालविणाऱ्याचें शरीर त्यास सरावतें. गाडी डावीकडे ओढत असेल तर उजवा हात नकळत थोडा अधिक जोर लावूं लागतो. मागचें चाक डोलत असेल तर मनुष्य वळणावर आपोआप सावकाश जातो. बापाच्या हातास गाडीचा दोष ठाऊक असतो. मुलास गाडी मिळते, तो हात मिळत नाहीं. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, जुन्या गाडीची परीक्षा तिच्या नित्याच्या स्वारानें करूं नये. दुसऱ्या एखाद्या अनुभवी व सावध माणसानें, मोकळ्या व सपाट रस्त्यावर, ओझें न घेतां ती चालवून पहावी आणि काय जाणवलें तें सांगावें.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. माधवकराच्या ग्रंथाच्या परिचयामुळें हीं नांवें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असतील. यंत्रासहि हा क्रम उत्तम लागू पडतो. प्रथम रूप पहावें, म्हणजे व्याधि दिसते कशी हें पहावें. रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्यानें १९७१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मोटारसायकलीच्या अस्थिरतेचे तीन प्रकार गणिताच्या आधारें वेगळे करून दाखविले. एक, गाडी संथपणें एका बाजूस कलत जाणें. दुसरा, सबंध गाडीचें सापासारखें नागमोडी डुलणें, जें सेकंदास दोनचार वेळां होतें आणि वेग वाढतो तसें बळावतें. तिसरा, हँडलाची जलद थरथर, जी सेकंदास सुमारें सहा ते दहा वेळां होते. “गाडी हलते” एवढें सांगून मेकॅनिकच्या हातीं ती देणें म्हणजे “बरें वाटत नाहीं” एवढेंच सांगून वैद्याकडून औषध मागण्यासारखें आहे. कोणत्या वेगास हलते, ब्रेक दाबतांना हलते कीं वळणावर, एकट्यानें हलते कीं मागें कोणी बसलें असतां, हें प्रथम टिपून घ्यावें.

आतां संप्राप्ति, म्हणजे दोष कसा घडतो तें पाहूं. हँडलाचा दांडा तिरपा असतो. त्याची रेषा खालीं वाढविली तर ती जमिनीस जेथें मिळेल, त्याच्या किंचित् मागें पुढचें चाक टेकलेलें असतें. म्हणून दवाखान्यांतील ढकलगाडीच्या लहान चाकाप्रमाणें तें ओढीच्या मागोमाग आपण होऊन सरळ होतें. ज्या खुंटीभोंवतीं तें वळतें ती घट्ट व निर्मळ असेल तोंवर हा गुण होय. तिच्यांत सैलपणा आला कीं चाक सरळ होतां होतां पलीकडे जातें, पुन्हां परततें, आणि ओळंब्यासारखे झोके सुरू होतात. मागचें चाक पुढच्याच्या रेषेंत धरून ठेवण्याचें काम चिमटा करतो. तो सैल झाला तर मागचें चाक आपल्या मर्जीनें दिशा बदलूं लागतें.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम ओझें उतरवावें. दुधाच्या किटल्या मागच्या आंसाच्याहि मागें लोंबत असल्या तर पुढचें चाक हलकें होतें. एक भरलेली व एक अर्धी असली तर आंतील दूध हिंदकळून गाडीस झोके देतें. नंतर हवा, ती सकाळीं, टायर थंड असतांना, गाडीच्या पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें भरावी. एकट्याकरितां व दोघांकरितां मागच्या चाकाची हवा वेगळी सांगितलेली असते, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. मग टायर. त्याच्या कडेवर शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ असे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला आहे. नक्षी शिल्लक असूनहि रबर कडक होऊन भेगाळलेलें असेल, किंवा टायर मधोमध चपटा झाला असेल, तर तो बदलावा.

यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचें चाक अधांतरीं करावें आणि एकानें ती मागून घट्ट धरावी. फोर्कचीं खालचीं टोकें धरून मागेंपुढें हलवावीं. खटखट लागली तर कोनसेट ढिला आहे. हँडल हळूहळू फिरवितांना मधोमध अडखळलें तर त्याच्या वाट्यांत खळगे पडले आहेत. तेथें नुसतें आवळून काम भागत नाहीं. चाक फिरवून रिंग आऊट आहे काय तें पहावें आणि तारांवर पान्यानें टिचकी मारावी. सैल तार बद्द वाजते. मग मागचें चाक उचलून तें व चिमटा दोन्ही आडवे हलवावे. नुसतें चाक हललें तर बेअरिंग, चिमट्यासह हललें तर चिमट्याचा बुश. शेवटीं दोन्ही चाकांच्या कडांस दोरी ताणून तीं एका रेषेंत आहेत काय तें पहावें. चेन ओढण्याच्या जागेवरील खुणा जुन्या गाडींत नेहमीं विश्वासार्ह नसतात.

उपशय म्हणजे उपचार करून उतार पडतो कीं नाहीं तें पाहणें. येथें नियम एकच: एका वेळीं एकच वस्तु बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें पुन्हां पहावें. आमच्या गांवांतील एका सेवानिवृत्त गृहस्थांची गाडी पन्नासाच्या पुढें डोलत असे, अशी त्यांच्या चिरंजीवाची तक्रार होती. वडील म्हणत, “गुरुजी, मी इतकीं वर्षें चालवितों, मला तर ती कधीं डोलतांना जाणवली नाहीं.” मुलाच्या आग्रहास्तव मागचे दोन्ही शॉकअॅब्सॉर्बर नवे घातले; पैसे गेले, डोलणें राहिलें. पुढें शेजारच्या एका जाणत्या मनुष्यानें गाडी फिरवून मुलाचें म्हणणें खरें ठरविलें. मागचें चाक उचलून हलवितांच चिमटा हातांत खेळूं लागला. बुश बदलतांच डोलणें थांबलें. बाप खोटें बोलत नव्हता. त्याच्या शरीरानें दोष पचविला होता, इतकेंच.

रस्त्यावर गाडी थरथरूं लागली तर काय करावें, हेंहि घरांतील तरुणांस आधींच सांगून ठेवावें. हँडल गच्च आवळून त्याच्याशीं झुंजूं नये. पुढचा ब्रेक करकचून दाबूं नये. वेग वाढवून सुटण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. हात सैल पण सावध ठेवून अंग किंचित् पुढें झुकवावें, गति हळूहळू उतरूं द्यावी, आणि रस्त्याच्या कडेस थांबावें. ऊसाच्या हंगामांत ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या व सांडलेल्या कांड्या चुकवितांना हें अधिकच लक्षांत ठेवावयास हवें. फोर्क वा चौकट अपघातांत वांकली असल्याची शंका असेल तर मात्र घरगुती उपाय बंद करून गाडी जाणत्या कारागिराकडे सोंपवावी, आणि तिच्यावर बसून नव्हे, टेंपोंत घालून न्यावी.

असो. ज्यांच्या घरीं या वर्षीं जुनी गाडी मुलाच्या वा मुलीच्या हातीं जावयाची असेल, त्यांनीं किल्ली देण्यापूर्वीं एक रविवार या कामीं खर्च करावा. एक पाना, एक दोरी, हवा मोजण्याचें एक साधन आणि चाक धरावयास एक मनुष्य, एवढ्यानें बहुतेक निदान होतें. आणि मुलांस हाताशीं घेऊन तें केलें तर पुढील वर्षीं तीं स्वतःच करूं लागतात.