हत्ती मेजर झाला

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी परेड होती. युनिफॉर्म चढवायला घेतला, तर खांद्यावरचा एक अशोकस्तंभ गायब. कर्नलच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि दोन तारे असतात. तारे जागेवर, सिंह फरार! घरात सर्च ऑपरेशन सुरू झालं. पलंगाखाली बघितलं, वॉशिंग मशीन बघितलं, बायकोने तर डाळीचा डबासुद्धा उपसला. शेवटी आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला हसू आवरेना, तेव्हा सुगावा लागला. अडीच वर्षांच्या चिरंजीवांच्या कापडी हत्तीच्या पाठीवर माझा अशोकस्तंभ सेलोटेपने चिकटवलेला होता. फौजेत नुसता अशोकस्तंभ म्हणजे मेजर. जिथे पोचायला मला कमिशननंतर सहा वर्षं लागली, तिथे हत्ती एका रात्रीत पोचला.

खडकवासल्याला तीन वर्षं कपाटातल्या रुमालाच्या घड्यासुद्धा एका रेषेत ठेवायला शिकलेला माणूस मी. ओरडायला तोंड उघडलंही होतं. पण तो हत्ती इतक्या रुबाबात बसला होता, की मी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. चिरंजीव हसून हसून जमिनीवर लोळले. परेडला मी वेळेत पोचलो, थोडी धावपळ झाली इतकंच.

लेकीच्या वेळी असं काही घडल्याचं मला आठवत नाही. घडलं नसेल असं नाही, मी तिथे नव्हतो. ती झाली तेव्हा मी काश्मीरमध्ये होतो. नेटवर्क मिळेल तेव्हा फोन करायचो आणि बायको तो तिच्या कानाला लावायची. ती सव्वा वर्षाची असताना रजेवर घरी गेलो. दारात बायको म्हणाली, "बघ, बाबा आले!" लेकीने माझ्याकडे बघितलं, आत गेली, टेबलावरचा मोबाइल उचलून आणला आणि माझ्यासमोर धरला. तिचा बाबा त्यात होता. सगळे खूप हसले. मीही हसलो. हा किस्सा मेसमध्ये मी अनेकदा रंगवून सांगितला आहे. आता सांगताना तेवढं हसू येत नाही.

आता लखनौ छावणीत पीस पोस्टिंग आहे. संध्याकाळी बहुतेक वेळा घरी असतो. रविवारी मुलाला दिलकुशा कोठीच्या बागेत नेतो. सन १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खान यांच्यासाठी बांधलेली ही कोठी १८५७ च्या लढाईत उद्ध्वस्त झाली. मी मोठ्या उत्साहाने त्याला इतिहास सांगतो. तो भग्न बुरुजाकडे ढुंकूनही बघत नाही. भिंतीवरची मुंग्यांची रांग मात्र अर्धा तास बघतो. रांग सरळ असते, त्यामुळे माझीही तक्रार नसते.

बोलायला तो इथेच शिकला, त्यामुळे घरात मराठी आणि बाहेर अस्सल लखनवी. मांजरालाही "आप" म्हणतो. मध्यंतरी एक ब्रिगेडियर साहेब चहाला आले होते. बायकोने दिवाणखाना आरशासारखा लख्ख केला होता. गप्पा चालू असताना चिरंजीव आतून आपलं पॉटीचं भांडं घेऊन आले, साहेबांच्या पायाशी नीट ठेवलं आणि अदबीने म्हणाले, "आप बैठिए!"

आम्हा दोघांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जाताना म्हणाले, "माझा मुलगा आता कॉलेजात आहे. तो असले काय उद्योग करायचा, ते मला त्याच्या आईकडून ऐकावं लागतं."

त्या रात्री मला माझा एक जवान आठवला. मी सीओ असताना उत्तर सीमेवर होतो. मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी त्याने रजा मागितली. कुणाची बहीण लग्नाची, कुणाची जमीन कोर्टात, असे अर्ज समोर पडले होते. मी त्याला म्हणालो, "अरे, वाढदिवस दरवर्षी येतो." तो "जी साहब" म्हणाला आणि गेला. फौजी मुकाट्याने जातो. पहिला वाढदिवस दरवर्षी येत नाही, हे मला, एका बापाला, तेव्हा सुचलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. बाळाच्या जन्मासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आहे. नियमांत कमी पडतं असं मी म्हणत नाही. सीमा सोडून सगळ्यांना एकदम घरी पाठवता येत नाही, हेही खरं. पण रजेचा प्लॅन बनवताना आपण लग्न, शेती, घरबांधणी, कोर्टकचेरी यांना वजन देतो. "मुलगी चालायला लागली आहे" हे कारण मी आजवर एकाही अर्जात वाचलेलं नाही. वाटत सगळ्यांना असतं, पण लिहायची लाज वाटते. ती लाज घालवणं हे सीओचं काम आहे. ज्याच्या घरी तीन वर्षांच्या आतलं मूल आहे, त्याचं नाव प्लॅनमध्ये वर असावं. लग्नाची तारीख बदलता येते, कोर्टाची तर बदलतेच. पहिलं पाऊल कुणाच्या सोयीने पडत नाही.

आणि घरी पोचलेल्या तरुण फौजी बापांना एक विनंती. रजेत घराचं इन्स्पेक्शन करू नका. भिंतीवर रेघोट्या असतील, बुटात भात सापडेल. खुशाल हसा. शिस्त लावायला पुढे पंधरा वर्षं आहेत.

तुमच्यातले निवृत्त झालेले म्हणतील, आमची वेळ गेली. सर, नातवंडं आहेत ना? जे तेव्हा हुकलं, ते थोडंफार त्यांच्याकडे मिळतं असं ऐकतो.

परवा लेकीने विचारलं, "बाबा, मी लहानपणी काय काय गोंधळ घालायचे?" मी म्हणालो, "आईला विचारू, मलाही ऐकायचंय." मग आम्ही तिघं उशिरापर्यंत बसलो. मेजर हत्ती माझ्या मांडीवर होता.