विणकामाचा कोपरा : लोकर कुठली, धुवायची कशी



मागच्या वेळी टोपीचे टाके कसे घटवायचे ते पाहिलं. आज विणणं बाजूला ठेवून धुण्याबद्दल लिहिते आहे, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचा एक स्वेटर वाया गेला, आणि तो माझ्याच हातून गेला.

झालं असं, की सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे लीड्सला सहा महिने राहायला आल्या होत्या. विणकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. इथल्या दुकानात त्यांना शेटलंडची राखाडी लोकर आवडली. 50 ग्रॅमचे 12 गुंडे आणले, आणि जुलै ते सप्टेंबर बसून मुलासाठी वेणीच्या नक्षीचा, उंच गळ्याचा स्वेटर विणला. जाताना मला म्हणाल्या, "जपून वगैरे ठेवू नका, वापरा. मळला की मशीनला लाव, काही होत नाही."

डिसेंबरात तो मळला. मी जीन्सबरोबर 60 अंशाला लावला. बाहेर आला तेव्हा सात वर्षांच्या मुलाला बसेल एवढा झाला होता. जाड, कडक, आणि वेण्या कुठे होत्या तेही कळेना.

पुढचा महिनाभर व्हिडिओ कॉल आला की "स्वेटर घातला नाही का रे?" आणि आम्ही दोघं हीटिंगचं कारण पुढे करतोय. शेवटी संक्रांतीला तिळगुळाचं बोलणं झाल्यावर मीच तोंड उघडलं. "आई, ह्यांचा स्वेटर आटला." कॅमेऱ्यासमोर धरला. त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, पण मशीनला लाव असं मीच म्हटलं होतं ना? माझा तर इतक्या वर्षांत एकही आटला नाही."

आणि ते खरंच आहे. गोम आपल्या शब्दातच आहे. आपण दुकानात जाऊन "लोकर द्या" म्हणतो, आणि आपल्याकडे विणायला मिळते ती बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा, मेंढीशी त्याचा काही संबंध नाही. त्याला बादलीत बुडवा, घासा, पिळा, तो आटत नाही (फार गरम झाला तर लोळागोळा होऊन आकार सोडतो, एवढंच). खरी लोकर म्हणजे केस. त्या केसावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की ते उभे राहतात, आणि वरून मशीनची घुसळण झाली की केस एकमेकांत सरकत जाऊन खवल्यांत अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. यालाच फेल्टिंग म्हणतात. काश्मीरचा नमदा असाच होतो, फक्त तिथे ते मुद्दाम करतात.

तर सांगायचा मुद्दा, विणायच्या आधी गुंड्यावरची चिठ्ठी वाचा, आणि ती फेकू नका. विणलेली वस्तू कोणाला देणार असाल तर चिठ्ठीही सोबत द्या.

1) 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर त्या लोकरीचे खवले प्रक्रियेने गुळगुळीत केलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात. ती चिठ्ठीवरच्या तापमानाला मशीनमध्ये चालते. बाळाच्या कुंचीला हीच घ्या. नव्या आईला हाताने धुवायला वेळ नसतो.

2) नुसतं '100 टक्के वूल' असेल तर कोमट पाणी आणि हात. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनाने लांबतं.

3) ब्रिटनमधल्यांनी 'बायो' पावडर वापरू नये. तिच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे.

4) चिठ्ठी हरवली असेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून मोरीवर किंवा सिंकवर काडी लावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि चिमटीत चुरगळणारी राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा, टणक मणी होतो. मुलांना लांब ठेवा.

हा चौथा प्रकार मी सासूबाईंना सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. पेटीतल्या उरलेल्या पाच-सहा गुंड्यांचे धागे त्यांनी जाळून बघितले होते. सगळ्यांचे मणी झाले. "म्हणजे जन्मभर मी प्लास्टिकच विणत बसले म्हण की." मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "आई, ह्यांचा बालवाडीतला लाल स्वेटर अजून धड आहे. खऱ्या लोकरीचा असता तर एव्हाना कसर लागली असती." त्यावर "हं" म्हणाल्या. पटलं की नाही, माहीत नाही.

असो. आटलेला स्वेटर मूळ मापावर येत नाही. कंडिशनरमध्ये भिजवून ताणला तर थोडासा सैल होतो, पण एकमेकांत घट्ट अडकलेले धागे सुटत नाहीत. मात्र त्याचा एक फायदा आहे: नीट फेल्ट झालेली लोकर कात्रीने कापली तरी उसवत नाही. एरवी स्वेटरला कात्री लावायची म्हटलं तर आपला हात थरथरतो! मी पुढची आणि मागची बाजू शेकायच्या रबरी पिशवीच्या मापाने कापली, उंच गळ्याची रिब तशीच वर ठेवली, आणि तिन्ही बाजूंनी जाड दोऱ्याने शिवलं. पिशवीची मान बरोबर गळ्यात बसते. बाह्यांचे चहाच्या किटलीखाली ठेवायला चौकोन झाले.

कुणाला मुद्दाम फेल्ट करून पिशवी किंवा सपाता करायच्या असतील तर साधी, सुपरवॉश नसलेली लोकर घ्या. नेहमीपेक्षा दोन मिलिमीटर जाड सुयांवर सैल विणा. आधी 15 सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, पुन्हा मोजा. साध्या सुलट विणीत उंची रुंदीपेक्षा जास्त आटते, त्यामुळे ओळी जास्त घालाव्या लागतात. क्रोशाचंही फेल्ट होतं, फक्त जाड होतं. वस्तू उशीच्या अभ्ऱ्यात बांधून टाका, नाहीतर लोकरीचे तंतू मशीनच्या फिल्टरमध्ये बसतात. सोबत जुनी जीन्स टाका, टॉवेल नको, त्याची लव चिकटते. अमेरिकेतल्या वरून उघडणाऱ्या बऱ्याच मशीन मध्येच थांबवून बघता येतात. आमच्याकडच्या पुढून उघडणाऱ्यांचं दार बंद राहतं, म्हणून छोटा प्रोग्रॅम लावून दोनदा धुतलेलं बरं.

पिशवीचं कव्हर मार्चमध्ये येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर साताऱ्याला पाठवलं. सासूबाई गुडघ्याला शेक घेतात. त्यांनी पहिल्यांदा शिवण उलटी करून पाहिली, आणि फोनवर सांगितलं, "टाके फार लांब घातलेस. आणि हो, हे मी हातानेच धुणार."

पुढच्या खेपेला क्रोशा घेऊ. अमेरिकन पुस्तकातला 'डबल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश पुस्तकातला 'ट्रेबल', आणि आपला खांब. या गोंधळात कोणाची शाल फसली असेल तर जरूर कळवा.