‘ब्राह्मणकन्या’ : बंड कुणाचं, स्मृती कुणाची?

मराठी कादंबरीतल्या स्वतंत्र बाण्याच्या तरुणींची यादी करायला बसलं, की कालिंदीचं नाव टाळता येत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या १९३० सालच्या ‘ब्राह्मणकन्या’ची ही नायिका. ज्ञानकोशकार केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीचं, त्यामुळे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना त्यांचा अभिमान जरा जास्तच. अभिमान असू द्या. पण ही कादंबरी स्त्रीमुक्तीची म्हणून आमच्या मुलींच्या हातात देणार असाल, तर ती कुणाला मुक्त करते हे आधी तपासलं पाहिजे.

कालिंदीचे वडील ब्राह्मण. आई मात्र एका ब्राह्मणाने ठेवलेल्या बाईची मुलगी. त्यामुळे शिकलेली, बुद्धिमान कालिंदी ब्राह्मण घरात लग्न करून जाऊ शकत नाही. ती चिडते, घर सोडते आणि शिवशरणाप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहते. मूल होतं. तो तिला सोडतो. तरी केतकर तिला विहिरीत ढकलत नाहीत. ती पुन्हा उभी राहते, आणि शेवटी रामरावासारखा नव्या विचारांचा माणूस तिच्याशी लग्न करतो. १९३० साली हे लिहायला धाडस लागत होतं, हे मान्य.

पण कालिंदीचं दुःख नेमकं कोणतं? जात आहे, हे तिचं दुःख नाही. ब्राह्मणाची मुलगी असून ब्राह्मण म्हणून मोजली जात नाही, हे कादंबरीचं मूळ दुखणं आहे. शीर्षकच पाहा. मुलगी बंड करते, तरी तिची ओळख बापाच्या जातीवरूनच. आणि जिच्यामुळे हा ‘डाग’ लागला, त्या आजीचं काय? सवर्ण पुरुषाने बाई ठेवावी आणि तिच्या लेकी-नातींनी पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजावी, ही व्यवस्था कादंबरीला नातीपुरतीच खुपते. कारण नात ‘आपली’ आहे.

केतकरांना जात कळत नव्हती, असं म्हणायची सोय नाही. १९०९ साली त्यांनी जातीच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला, त्यात केतकरांच्या व्याख्येची गंभीर दखल घेतली. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती : सभासदत्व जन्माने मिळणं आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की ही दोन लक्षणं नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं. म्हणजे जात टिकते ती बाईच्या लग्नावर पहारा ठेवून. विधवेला जाळणं, विधवेला कोंडणं, लहान पोरीचं लग्न लावणं, या सगळ्या प्रथांची मुळं त्यांनी या पहाऱ्यातच शोधली.

मग या पहाऱ्यावर कादंबरीचा उपाय काय? वैजनाथशास्त्री नावाचं पात्र नवी स्मृती रचायला बसतं! जुने नियम जाचक झाले, तर नवे लिहू. पण नियम सांगणारा शास्त्रीच राहील. लोक म्हणतात, केतकर काळाच्या पुढे होते. कुठल्या काळाच्या? कादंबरी येण्याच्या तीन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जळली होती. त्याच साली नोव्हेंबरात, केतकर जिथे शिकले त्या अमरावतीत, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. काळ पुढे गेला होता. स्मृती दुरुस्त करणारे मागे राहिले होते.

स्वतंत्र बाई शोधायचीच, तर अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे घ्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. बायका हजारोंनी जमल्या होत्या. त्यांनी ठरावात काय मागितलं? घटस्फोटाचा हक्क. बहुपत्नीत्वाला बंदी. कामगार स्त्रियांना रजा आणि नुकसानभरपाई. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. ना नवी स्मृती, ना उदार नायकाची वाट. सरळ कायदा आणि मजुरी.

आणि प्रेमविवाहाने जात गळून पडते, या गोड समजुतीला उत्तर हवं असेल, तर कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ (१९८१) वाचा. त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केलं, पण सोमकुवर आडनावाला सरकारी महाविद्यालयाची नोकरी मिळेना. सवर्ण घरात आंतरजातीय लग्न झालं, पावडे आडनाव लागलं आणि नोकरी मिळाली. श्रेय कुणाचं, हे त्यांनी स्वतःच रोखठोक लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांनी अमरावतीत संस्कृत शिकवलं. आपल्याच गावातली ही बाई सोडून आपण कालिंदीचे गोडवे गातो.

हा जुन्या पुस्तकांचा वाद नाही. आजही अकोट-दर्यापूरच्या मुली अमरावतीच्या अभ्यासिकांत बसतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यातल्या एखादीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, म्हणजे पहारेकऱ्यांना आयतं आमंत्रण. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने अशा जोडप्यांची माहिती गोळा करायला समितीच नेमली. ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. वैजनाथशास्त्री आता शासन निर्णय काढतात, एवढाच फरक.

म्हणून मुलींना ‘ब्राह्मणकन्या’ जरूर द्या. सोबत ‘भारतातील जाती’ आणि ‘अंतःस्फोट’ही द्या. आणि ही जाहीर नोटीस रद्द करा, समिती बरखास्त करा, अशी मागणी गावागावांतल्या महिला मंडळांतून उठवा. प्रेमाला उदार शास्त्री नको. पहारा उठला, की आमच्या मुली आपलं आपण बघतील.

जय भीम.